सैल दिसणारा अंबाडा

डहाणू रोड स्टेशनच्या जवळ एका गल्लीत हेतलबेनचं ब्युटी पार्लर होतं. पार्लरच्या मागच्या बोळात पाण्याची पिंपं, भिंतीला टेकवलेला एक आरसा आणि बसायला उलटी घातलेली बादली. तिथे उभी राहून भाविनी रोज संध्याकाळी स्वतःचे केस मारायची. हा शब्द नवशीचा. नवशी तलासरीकडच्या पाड्यावरची, भाविनीच्या बरोबरीने काम करणारी.

"झाले का मारून, ताई?" ती दारातून डोकावून विचारायची. "सकाळी कसे जिवंत होते बिचारे."

दिवसभर भाविनीच्या डोक्यावर फुगलेला, विस्कटलेला, कानाशी दोन बटा सुटलेला अंबाडा असायचा. आत्ताच उशीवरून उठून कशीतरी क्लिप मारून आल्यासारखा. संध्याकाळी त्यातली एकेक पीन काढायची, मुळांशी भुरभुरलेली पावडर ओल्या फडक्याने पुसायची, रुंद दातांच्या कंगव्याने गुंते सोडवायचे. सोडवताना केसांचा पुंजका हातात यायचा तो निमूट कचऱ्यात टाकायचा. मग तळहातावर सीरम घेऊन केस चापूनचोपून बसवायचे आणि मानेवर लिंबाएवढा घट्ट अंबाडा घालायचा. सीरमने केस असे चकाकायचे की बघणाऱ्याला वाटावं, बाईने सकाळीच डोकं भरून खोबरेल थापलंय. एवढं झालं की ती वरोरच्या रिक्षात बसायची.

कारण वरोरला तिच्या सासरी एक नियम होता. घरातला पुरुष होडीवर असेल तोवर बाईने केस मोकळे सोडायचे नाहीत. न्हायली तरी लगेच पंचा गुंडाळायचा आणि ओल्याच केसांचा अंबाडा घालायचा. होडी किनाऱ्याला लागली की मग मोकळी हो, हव्या तेवढ्या फण्या फिरवत बस. भाविनीची सासू पुतळीआय हे फार गाजावाजा न करता सांगायची. तिला तिच्या सासूने सांगितलं होतं, आणि सासूला कुणी सांगितलं हे विचारायची तिची छाती झाली नव्हती. भाविनी २०१४ साली लग्न होऊन आली त्याच आठवड्यात ओसरीवर केस वाळवत बसली होती. पुतळीआय मागून आली, तिचे केस मुठीत गोळा केले, पिळून गाठ मारली आणि म्हणाली, "दिपेश आज पहाटे गेलाय गो."

भाविनीचं माहेर चिखल्याचं. तिथेही समुद्र, तिथेही होड्या, पण तिचे वडील चिकूच्या वाडीत कामाला, त्यामुळे तिच्या केसांवर कुणाचा जीव टांगलेला नव्हता. बारावी झाल्यावर तिने पार्लरचा कोर्स केला. लग्नानंतर वर्षभराने हेतलबेनकडे कामाला जायला लागली तेव्हा पुतळीआयने हरकत घेतली नाही. सून चार बायकांच्या भुवया कोरते, यात समुद्राला काय वाईट वाटणार?

पहिलं वर्ष खरंच भुवया, फेशियल, मेंदी आणि चपट बसवलेले नवरीचे अंबाडे एवढ्यावरच गेलं. मग नवऱ्यामुली मोबाइल पुढे करायला लागल्या. "असे पाहिजेत." फोटोत कुठल्यातरी किनाऱ्यावर उभी असलेली बाई, केस वाऱ्याने उधळलेले, जणू तिला कुणी लग्नाला बोलावलंच नव्हतं आणि ती सहज आली.

हेतलबेन वापीला जाऊन दोन दिवसांचा क्लास करून आली. येताना पिशवी भरून बाटल्या घेऊन आली. कोरडा शाम्पू, टेक्श्चर पावडर, मॅट वॅक्स आणि निळ्या बाटलीतला एक स्प्रे. तिघी टेबलाभोवती उभ्या राहिल्या.

"आजकाल कोणालाच बांधेला केस नाय पायजे," हेतलबेन म्हणाली. डहाणूत जन्म गेला तरी तिच्या मराठीतलं गुजराती कधी सुटलं नाही. "सुटेला पण नाय पायजे. बांधेला पण पायजे नि सुटेला पण पायजे. समजली?"

"म्हणजे उठून आल्यासारखे," नवशी म्हणाली.

"हां. पण तीन तास बसून उठून आल्यासारखे."

भाविनीने निळी बाटली हातावर मारली आणि जिभेला लावून बघितली. खारट. बाटलीत मिठाचं पाणी होतं, वर थोडा सुवास. केस जरा राठ झाले की त्यांना पकड येते, म्हणून. त्या रविवारी तिने हे दिपेशला सांगितलं तेव्हा तो जाळं शिवता शिवता एवढा हसला की हातातली सुई वाळूत पडली. "दर फेरीला एक कॅन भरून आणतो तुझ्या हेतलबेनला. ताजं."

काम मात्र हसण्यासारखं नव्हतं. भाविनीला ते पटकन साधलं, कारण ते बाहेरून वाटतं त्याच्या उलट होतं. आधी मुळांना पावडर, मग निम्म्या लांबीपासून खाली स्प्रे, मग गरम चिमट्याने वेडेवाकडे कुरळे, एक बट आत तर दुसरी बाहेर. आत अगदी घट्ट रबर. त्यावर केस पिंजून, पिळून, एकमेकींवर फुली मारत पिना. पंचवीस-तीस सहज लागायच्या. आणि सगळं पक्कं झालं की शेवटी बोटांच्या टोकांनी इथून तिथून थोडे थोडे ओढून विस्कटायचं. नवरी रात्रभर नाचली तरी अंबाडा हलायचा नाही, आणि बघणाऱ्याला वाटायचं, आता सुटतोय की मग.

हेतलबेनचा आणखी एक नियम होता. पार्लरमधल्या मुलींनी स्वतःचेही केस तसेच ठेवायचे. "आपलं डोकं हीच आपली पाटी," ती म्हणायची.

म्हणजे दोन घरं, दोन नियम, आणि डोकं एकच.

भाविनीने त्यातून स्वतःपुरती वाट काढली. होडी बाहेर असली की ती कधीही केस सोडायची नाही, पार्लरमध्येसुद्धा. अंबाडाच घालायची, फक्त विस्कटलेला. बांधलेले म्हणजे बांधलेले, असं ती मनाशी म्हणायची. सासूबाईंच्या घट्ट अंबाड्याला तीन आकडे लागतात, याला तीस. मग कुठला जास्त बांधलेला? हा हिशेब तिला बरोबर वाटायचा. पण एवढा बरोबर होता, तर रोज बोळात उभं राहून तो मोडायचा कशाला, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

आणि खरं सांगायचं तर तिला तो अंबाडा आवडायचा. सकाळी शेवटची बट ओढून ती आरशात बघायची तेव्हा समोरची बाई जरा परकी वाटायची. हिला घरी जायची घाई नसेल, वाटायचं. हिची कुणी वाट बघत नसेल, नि वाट बघितली तरी ही आपल्या वेळेने जाईल. दिवसातून एकदा अशी बाई बघायला मिळत होती, तेवढ्यावर ती खूश होती.

२०१७च्या दिवाळीनंतर हेतलबेनने तिला गल्ल्याशी बोलावलं. तलासरीला, हायवेच्या जवळ, ती दुसरं पार्लर काढत होती. अलीकडच्या गावांतल्या नवऱ्या, पलीकडे गुजरातेतल्या नवऱ्या, सगळ्यांना उतरायला सोयीचं.

"तू सांभाळायची ते," हेतलबेन म्हणाली. "मी आठवड्यातून एकदा येईन, चा पिऊन जाईन. चावी तुझ्याकडे. पण बेटा, रोज पायजे. नवरी काय म्हणणार नाय, आज बेनला वेळ नाय तर उद्या लग्न करते."

भाविनी त्या दिवशी रिक्षातून उतरून घरी न जाता सरळ किनाऱ्यावर गेली. दिपेश होडीला टेकून बसला होता. तिने एका दमात सगळं सांगितलं. बोलताना आपले हात हलतायत हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ते पदरात धरले.

"चांगलं आहे की," दिपेश म्हणाला. "पण आयला विचार."

"तू विचार ना."

"मी विचारलं तर ती हो म्हणेल. मग आयुष्यभर तुला ऐकवेल. तू विचार."

त्यात तथ्य होतं, म्हणून तिला जास्त राग आला. ती चांगली वेळ बघत राहिली. मासळी बरी मिळालेला दिवस, सासूचे गुडघे न दुखणारा दिवस. चांगली वेळ बघणाऱ्याला ती मिळत नसते. डिसेंबरात घोलवडच्या एका वाडीतल्या लग्नाची ऑर्डर आली, तोवर विचारायचं राहिलंच होतं.

ते लग्न भाविनीच्या हातून सुरेख झालं. नवरीचे केस, करवल्यांचे केस, नवऱ्याच्या आत्याचे विरळ केससुद्धा तिने पिंजून फुगवले. आत्या आरशासमोरून हलेना. दुपारी चिकूच्या झाडांखाली फोटोवाल्याने नवरीबरोबर पार्लरच्या मुलींचाही फोटो काढला. वारा होता. भाविनी काहीतरी ऐकून हसत होती आणि तिच्या अंबाड्यातल्या बटा उडत होत्या. हेतलबेनने तो फोटो लगेच व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला लावला.

त्याच दिवशी समुद्रात एका मोठ्या जहाजाने दिपेशचं जाळं कापलं.

माणसं दुसऱ्या दिवशी सुखरूप परत आली. होडीचा तांडेल, म्हणजे प्रमुख, दिपेश आणि त्याच्या हाताखालचे रघ्या, काळ्या, तिघेही. पण अर्धं जाळं गेलं होतं आणि उरलेलं होडीत चिंध्यांसारखं पडलं होतं. किनाऱ्यावर बायका गोळा झाल्या, हळहळल्या. रघ्याची बायको रूपी मात्र हळहळता हळहळता भाविनीकडे बघत होती. तिची भाची डहाणूला शिकायला होती, आणि भाचीने स्टेटसवरचा तो फोटो तिला आदल्याच दिवशी पाठवला होता.

पुढच्या सकाळी रूपी घरी आली. पुतळीआय अंगणात बोंबील निवडत होती, भाविनी चहा ओतत होती. रूपीने चहा घेतला, अर्धा संपवला आणि मग म्हणाली, "वहिनी, राग मानू नको. जाळं दुरुस्त होईल. पण रघ्या यायचा नाय होडीवर. काळ्याची आय पण तेच बोलते."

"का?" भाविनीने विचारलं, जरी तिला कळलं होतं.

रूपीने मोबाइल काढला आणि भाविनीपुढे न धरता पुतळीआयपुढे धरला. "तांडेलाचीच बायको मोकळी फिरते, मग आमच्या नवऱ्यांनी कोणाच्या भरवशावर जायचं? तू सांग, पुतळीआय."

पुतळीआयने फोटो लांब धरून बघितला, जवळ आणून बघितला. "हसते चांगली," ती म्हणाली आणि मोबाइल परत केला. "जा रूपे. मी बघते."

रूपी गेल्यावर पुतळीआयने आणखी चार बोंबील निवडून टोपलीत टाकले.

"केस सोडलेले त्या दिवशी?"

"नाय, आय. बांधलेले होते. देवाशप्पथ. पिना होत्या ढीगभर."

"हे बांधलेले?"

"दिसत नाय तसे. पण बांधलेले असतात."

पुतळीआयने हातातली मासळी खाली ठेवली. "घाल बघू."

भाविनीला वाटलं, ती चिडून बोलतेय. पण सासू राखेने हात धूत होती, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, वास जाईपर्यंत. होडी तर किनाऱ्यालाच होती. भाविनीने आतून पिशवी आणली आणि भर सकाळी अंगणात, सासूसमोर पाटावर बसून केस सोडले. पावडर टाकली, रबर बांधलं, पिंजले, पिळले, पिना मारल्या. हात सवयीने चालत होते. शेवटी बटा ओढल्या.

"झालं."

पुतळीआय मागे येऊन उभी राहिली. तिने आधी नुसता हात ठेवला. मग एक बट ओढली. मग सगळा अंबाडा मुठीत धरून हलवला. भाविनीची मान हलली, अंबाडा हलला नाही. पुतळीआयने आत बोट घालून रबर शोधलं, पिनांच्या फुल्या चाचपल्या, एकीमागून एक.

"जाळ्याची गाठ अशीच असते," ती म्हणाली. "वरून लोंबते. आतून सुटत नाय."

"तेच सांगते मी."

"कोणी शिकवलं?"

"थोडं हेतलबेनने. थोडं हातानेच आलं."

सासूचा हात अजून तिच्या डोक्यावर होता. भाविनीला वाटलं, हीच ती चांगली वेळ. तिने मागे न बघता तलासरीचं सगळं सांगून टाकलं. चावी, हायवे, रोज जावं लागणं. "तुम्ही रूपीला सांगा ना, आय. तुम्ही हात लावून बघितलंत. तुमचं ऐकतील सगळ्या."

पुतळीआय पुढे येऊन ओट्यावर बसली. एकदम थकल्यासारखी दिसली.

"मला हात लावून कळलं. आपल्या पाड्यातली एकेक बाई हात लावायला येणार आहे काय?"

"तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतील."

"ठेवतील." तिने मान हलवली. "आणि मी शब्द दिला नि परत काही झालं, तर? जाळं नाय, माणूस गेला तर? रूपीच्या दारात कोण जाणार? तू? तेव्हा मीच जाणार. तिला काय सांगू, की गाठ आतून घट्ट होती?"

भाविनी पाटावरून उठून पिशवी आवरायला लागली. सासू दुष्टपणा करत असती तर भांडता आलं असतं. माहेरी निघून जाता आलं असतं चार दिवस, दिपेशने आणायला येईपर्यंत. पण हात धुऊन, नीट चाचपून, खरं काय ते ओळखून जे माणूस नाही म्हणतं, त्याच्याशी कसं भांडायचं?

तोड दिपेशने काढली, आणि ती सगळ्यांना आवडली. भाविनीने काम सोडायचं नाही. फक्त होडी बाहेर असेल तेव्हा घरी राहायचं, पाड्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, नीट अंबाडा घालून. होडी आली की खुशाल पार्लरला जावं, पाहिजे तसे केस करावेत, मोकळे सोडावेत, कुणी काही बोलणार नाही. रूपीसुद्धा म्हणाली, "आमचं काय वैर आहे काय वहिनीशी?" रघ्या आणि काळ्या दुसऱ्या आठवड्यात होडीवर आले. पुतळीआयने नारळ फोडला. दिपेश बायकोकडे असा बघत होता, जणू मोठी मासळी आणून तिच्या पुढ्यात टाकलीय.

हेतलबेनने ऐकून घेतलं. "डहाणूला तू येशील तेव्हा ये," ती म्हणाली. "तुझा हात मला पायजेच. पण तलासरीचं शटर काय मी भरती बघून उघडू, बेटा?"

तलासरीची चावी नवशीला मिळाली. नवशी रडली, मग हसली, मग उद्घाटनाला तिने भाविनीकडूनच केस करून घेतले. "तुझ्याच हातचं डोकं घेऊन बसते गल्ल्यावर," ती म्हणाली. भाविनीने तिच्या अंबाड्यात नेहमीपेक्षा जास्त पिना मारल्या, नवशी ओय ओय करेपर्यंत.

अशी ती तोड चालू झाली, नि त्यातली मेख महिनाभराने भाविनीच्या लक्षात आली. होडी तीन-चार दिवसांनी यायची, एक-दोन दिवस थांबायची, बर्फ नि डिझेल भरून परत जायची. ते एक-दोन दिवस भाविनी पार्लरला. दिपेश घरात असला की ती डहाणूत. तो समुद्रावर गेला की ती ओसरीवर, अंबाडा घालून. जून-जुलैत मासेमारी बंद, दिपेश सबंध दोन महिने घरी, तिला कुणाची आडकाठी नाही, केस पाठीवर सोडून फिरली तरी चालेल. पण तेव्हा लग्नंच नसतात. पार्लरमध्ये हेतलबेन माश्या मारत बसलेली.

पाड्यातल्या बायकांना मात्र सोय झाली. भाविनी विस्कटलेल्या केसांनी रिक्षाच्या थांब्याकडे निघाली की त्या ओळखायच्या, होडी लागली. कुणीतरी मासळीची टोपली घेऊन उठायची. "चला गो, तांडेलीण सुटली," असं हसून म्हणायच्या. वाईट बोलायच्या नाहीत. उलट आता त्यांच्या मुली लग्नात तसलेच अंबाडे मागायच्या, आणि रूपीच्या भाचीचा तर भाविनीनेच फुकट घातला.

२०१९च्या डिसेंबरात एक दिवस होडी सकाळी आली. भाविनीने ओसरीवरून तिला बघितलं, आत जाऊन केस केले, पिशवी उचलली आणि निघाली. डहाणूला दोन नवऱ्या होत्या. थांब्याच्या अलीकडे दिपेश समोरून येताना दिसला, ओल्या पॅन्टचे पाय दुमडलेले, हातात मासळीची पिशवी, डोळे जागरणाने लाल. दोघं रस्त्यात थांबली.

"आज राहिली असतीस," तो म्हणाला.

"दोन नवऱ्या आहेत. भात झाकून ठेवलाय. आयच्या गुडघ्याचं औषध संपलंय, ते आण."

"हं." तो तिच्या केसांकडे बघत होता. हात उचलून त्याने एका बटेला लावायला नेला आणि हाताला मासळी लागली होती हे आठवून मागे घेतला. "चांगले दिसतात."

"राहशील ना उद्यापर्यंत?"

"नाय गो. बर्फ मिळाला तर आज संध्याकाळच्या भरतीलाच निघतो. काळ्या म्हणतो, मासळी जवळ आलीय."

म्हणजे ती यायच्या आत. दुसऱ्या नवरीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. भाविनीने मनातल्या मनात बघितलं, त्या वेळी तिचे हात कुणाच्यातरी केसांत असतील. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, आत बसलेल्या बायका सरकल्या.

"निघताना मिस्ड कॉल दे," ती म्हणाली.

"उचलणार थोडीच आहेस तू कामात."

"उचलायचा नाहीच आहे. वाजला की कळेल मला, मग तिथल्या तिथे नीट बांधून घेते."

दिपेशने मान डोलावली. तिने पिशवी मांडीवर घेतली, रिक्षा सुरू झाली. वाऱ्याने बटा तोंडावर आल्या, त्या तिने मागे सारल्या नाहीत. मोबाइल काढून आवाज मोठा केला आणि तो हातातच धरून बसली.